जाहिरातीत सूट छापता, मग लॅपटॉपचं पूर्ण नावही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या 'वाचकांची पत्रं' सदरात एका पालकांचं पत्र वाचलं. सवलतीतला जुना लॅपटॉप घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, असा त्यांचा एकूण सूर. त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर 'आय-५ लॅपटॉप, ५० टक्के सूट, स्टॉक असेपर्यंत' अशी अर्ध्या पानाची जाहिरात. एकाने घाबरवायचं, दुसऱ्याने भुलवायचं. पण तो लॅपटॉप नेमका कोणता, कोणत्या सालचा, हे ना पत्रात होतं ना जाहिरातीत. म्हणून हे लिहायला बसलो. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण आकडे तेवढे तसेच ठेवा.

सेलूत माझं लॅपटॉप आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी नवा माल विकत नाही, त्यामुळे कुणाचा स्टॉक उठला काय आणि पडून राहिला काय, मला त्याचं सोयरसुतक नाही. (वाईट माल जास्त खपला तर उलट माझाच धंदा वाढतो, हेही सांगून टाकतो.) आमच्याकडे लॅपटॉपचे हंगाम दोन. एक पॉलिटेक्निक-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा, दुसरा सोयाबीन-कापसाचे पैसे हातात येतात तेव्हाचा, दिवाळीच्या मागेपुढे. या दिवसांत लोक काउंटरवर कोपर टेकवून एकच विचारतात, "मालक, लेकराला लॅपटॉप घ्यायचाय. दुकानदार लई सूट द्यायलाय, जुनं मॉडेल हाय म्हणून. घ्यावं का?"

घ्यावं, असंच मी बहुतेक वेळा सांगतो. तीस-पस्तीस हजारांत जो 'लेटेस्ट' म्हणून गळ्यात मारतात, त्यापेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वी पन्नास हजारांना विकला जाणारा आणि आता तेवढ्यालाच मिळणारा लॅपटॉप कितीतरी सरस निघतो. मात्र मॉडेल जुनं म्हणजे किती जुनं, ते आधी कळलं पाहिजे. माळेगावच्या यात्रेत बैल घेताना आपला माणूस आधी दात बघतो, मग शिंगांच्या रंगाकडे. लॅपटॉपचे दात म्हणजे प्रोसेसरचा, त्याच्या मेंदूचा, आकडा, आणि जाहिरातीत नेमका तोच झाकलेला असतो.

'आय-५' हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं नाव, पण तेवढ्यावरून काहीही कळत नाही. २०१७ सालीही आय-५ होता आणि २०२२ सालीही. खरी गोम त्याच्या पुढच्या आकड्यात आहे. 'आय-५ ८२५०यू' असं लिहिलं असेल तर तो आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ चा. आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक धरायचे: 'आय-३ १२१५यू' म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची. आता गंमत बघा. आठव्या पिढीच्या त्या आय-५ मध्ये चार कोअर (म्हणजे काम करणारे चार हात) आहेत आणि बाराव्या पिढीच्या या आय-३ मध्ये सहा. म्हणजे इथे आय-३ चांगला. पण आपल्याकडे बापाच्या डोक्यात 'पाच हा तीनपेक्षा मोठा' एवढंच बसलेलं असतं आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरमध्ये याच्या उलटी गफलत आहे, तिथे जुनं इंजिन नव्या आकड्यात येतं. 'रायझन ५ ७५२०यू' मधला ७ बघून माणूस म्हणतो, सातची मालिका, म्हणजे नवीनच. तिथे तिसरा अंक बघायचा असतो. तो २ आहे, म्हणजे आतली रचना झेन-२, जी एएमडीने २०१९ मध्ये आणली. शेजारचाच '७५३०यू' मात्र झेन-३ चा, आणि त्यात कोअर चारऐवजी सहा. एका अंकाचा फरक, दिसायला दोन्ही लॅपटॉप सारखे. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, त्यामुळे ८ जीबी घेतला तर जन्मभर ८ जीबीच.

याहून वाईट माल वेगळाच आहे. इंटेलचाच हलका प्रोसेसर सेलेरॉन एन-४०२०, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ, स्वस्तातली साठवण). यावर मोठमोठ्या सुटी लागतात आणि आमच्याकडे तो भरपूर खपतो, कारण किंमत मोबाइलएवढी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एवढीच आहे. दुकानदार म्हणतो, बसतंय की. बसतं हो, पण बसल्यावर दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. पहिलं मोठं अपडेट आलं की 'डिस्क भरली' म्हणून पोरगं माझ्याकडे येतं. आणि ती ६४ जीबी बोर्डावरच बसवलेली, काढून मोठी घालायची सोय नाही. हा लॅपटॉप फुकट मिळाला तरच घ्यावा, या मताला मी ठाम आहे.

प्रोसेसरनंतर दुसरी गोष्ट बघायची ती विंडोजची. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीची मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेची जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय ठेवली, पण तीही मुदत ठरलेलीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, आणि इंटेलमध्ये एखाददुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीच्या खालचे प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीत. तरी सहाव्या-सातव्या पिढीच्या वापरलेल्या लॅपटॉपवर पळवाट काढून विंडोज ११ टाकतात आणि 'ओरिजिनल ११' म्हणून विकतात. ते चालतं, नाही असं नाही. मात्र अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्याला बँकेचे व्यवहार करायचेत, सेवा केंद्र चालवायचंय, लोकांचे आधार आणि सातबारे हाताळायचेत, त्याने अशा मशीनच्या वाटेला जाऊ नये. माझ्या काउंटरवरच्या चौथ्या पिढीच्या मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकलीय, छान चालतेय. पण टॅली विंडोजवरचं, टायपिंगच्या परीक्षेचा सराव विंडोजवरचा, अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हरही बहुधा विंडोजचेच. तेव्हा गिऱ्हाइकाला लिनक्सचा आग्रह मी करत नाही.

आता सीलबंद जुन्या मालाबद्दल, कारण 'सूट' म्हणतात ती बहुतेक यावरच असते. जिंतूर तालुक्यातले एक शेतकरी डबा न फोडता घेऊन आले. पोरीला सिव्हिल डिप्लोमाला नंबर लागलेला, लॅपटॉप जिल्ह्याच्या गावातून घेतलेला. "उघडायच्या आधी तुम्ही बघा," म्हणाले. मी आधी डबाच फिरवून बघितला. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे डब्यावर कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचा किंवा उत्पादकाचा पत्ता आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापावं लागतं. खालच्या अंगाला पांढरं लेबल होतं, त्यावर दुकानाचा 'फेस्टिव्हल ऑफर'चा स्टिकर अर्धा चढवलेला. नखाने उचलला तर खाली तारीख जवळजवळ तीन वर्षांपूर्वीची. त्यांचा चेहराच उतरला. मी म्हटलं, काका, थांबा, अजून काही बिघडलेलं नाही.

डबा उघडला, लॅपटॉप चालू केला. आतला माल चांगला निघाला: बाराव्या पिढीचा आय-५, ५१२ जीबी एसएसडी, ८ जीबी रॅमची एक पट्टी आणि शेजारी दुसरा स्लॉट मोकळा. मग बॅटरीचा रिपोर्ट काढला. हे कुणालाही जमतं. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी या कमांडपुढे तिरपी रेघ देऊन बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप केलं की एक पान तयार होतं. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज केल्यावरची) असे दोन आकडे असतात. यांच्या बॅटरीत पहिला ४२,००० मिलिवॅट-अवरच्या आसपास आणि दुसरा ३५,००० च्या. एकदाही न वापरता सहावा हिस्सा गेलेला. लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते, आणि उष्णतेत लवकर होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि गोदामांवर पत्रे. तीन उन्हाळे तिथे काढलेल्या बॅटरीकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार? ज्या गावात लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, तिथे तर लॅपटॉप बॅटरीसाठीच घ्यायचा असतो.

मी त्यांना सांगितलं, लॅपटॉप परत करू नका, हे दोन आकडे आणि लेबलचा फोटो घेऊन दुकानात जा आणि बॅटरी बदलून मागा. दुकानदाराने बॅटरी काही बदलून दिली नाही. पण दुसऱ्या स्लॉटमध्ये ८ जीबीची पट्टी जवळजवळ खरेदीच्या भावात बसवून दिली आणि बिलावर सिरियल नंबर लिहून दिला. मला विचाराल तर सौदा बरा झाला. पोरीला ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) चालवायचंय, तिला १६ जीबी हवीच होती. आणि बॅटरी आणखी दोन वर्षांनी तरी बदलावी लागलीच असती. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कसे चढलेत, हे ज्याने अलीकडे पट्टी विकत घेतली त्यालाच विचारा. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवता पुरवता चिपच्या कंपन्यांचं आपल्यासारख्यांकडे लक्ष कमी झालं. त्यामुळे भाव चढण्याआधी बनलेला, पुरेशी रॅम आतच असलेला जुना लॅपटॉप सध्या दिसतो त्याहून किफायतशीर आहे. पत्र लिहिणाऱ्या पालकांनी हा हिशेब केलेला दिसला नाही.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. विक्रीच्या पानावर किंमत, आयातदार, कोणत्या देशात बनलं वगैरे माहिती देणं नियमाने बंधनकारक आहे, पण उत्पादनाचा महिना आणि वर्ष तेवढं त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे तारीख कळते ती डबा दारात आल्यावर. म्हणून डबा घेतला की पहिला फोटो लेबलचा काढायचा, सेल्फी नंतर. मग सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दाखवते ते बघायचं. बिल आजचं आणि वॉरंटी आठ महिन्यांपूर्वीपासून सुरू असेल, तर तो डेमोला ठेवलेला किंवा कुणीतरी परत केलेला असू शकतो. त्याच दिवशी विकणाऱ्याला लेखी कळवावं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. 'ऑनसाइट वॉरंटी' हा शब्द वाचून हुरळून जाऊ नये. आपल्या पिनकोडला इंजिनिअर येतो का, ते आधी विचारावं. नाहीतर लॅपटॉप पिशवीत घालून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरची गाडी पकडणं आलंच.

वापरलेला, म्हणजे रिफर्बिश्ड घ्यावा का? पुण्या-मुंबईच्या कंपन्यांमधून तीन-चार वर्षं वापरून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे माझ्या मते गरीब घरच्या पोरासाठी सगळ्यात चांगले. बिजागऱ्या मजबूत, कीबोर्ड टिकाऊ, मागचं झाकण स्क्रूने उघडतं, सुटे भाग मिळतात. घेताना तीन गोष्टी दुकानातच करून घ्याव्यात. बायोसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना ते बघावं, बॅटरीचा रिपोर्ट काढावा, आणि विंडोज पूर्ण रीसेट करून परत सुरू करायला लावावं, तेही इंटरनेट जोडून. ही शेवटची गोष्ट कुणी करत नाही. काही मशीन अजून जुन्या कंपनीच्या खात्याला बांधलेली असतात. रीसेट केलं की 'अमुक कंपनीत स्वागत आहे, तुमचा ईमेल टाका' असा पडदा येतो आणि गाडी तिथेच थांबते. त्यातून बाहेर काढायला त्या कंपनीचाच माणूस लागतो, मी काही करू शकत नाही. लोकांना वाटतं मी जास्त पैशासाठी नाही म्हणतोय.

ॲपलबद्दल विचारणारेही आता आमच्याकडे येतात. २०२० च्या अखेरीस आलेला, ॲपलच्या स्वतःच्या एम-१ प्रोसेसरचा मॅकबुक एअर हे सवलतीतल्या जुन्या मालाचं चांगलं उदाहरण आहे. बॅटरी चांगली, पंखा नाही त्यामुळे धूळ ओढत नाही, २०२५ ची मॅकओएस टाहो त्यावर चालते. पण इंटेलचा जुना मॅक कितीही स्वस्त दिला तरी नको. टाहो ही इंटेलवाल्यांसाठी शेवटची आवृत्ती, असं ॲपलनेच जाहीर केलंय. आणि कॉमर्सच्या पोराने एम-१ घेण्याआधी टॅली कुठे चालवणार, याचा विचार करावा.

कुणाला काय लागतं, याचंही जरा तारतम्य हवं. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोराला ऑनलाइन टेस्ट द्यायला साठ हजारांचा लॅपटॉप कशाला? टायपिंग, टॅली, बीए-बीकॉम, डीएड यांना आठव्या-दहाव्या पिढीचा, ८ जीबी आणि एसएसडी असलेला लॅपटॉप डोळे झाकून चालतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्याला अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइलची ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) उघडायचा असतो, तो ८ जीबीवर रडतो. त्याने १६ किंवा निदान मोकळा स्लॉट बघूनच घ्यावा. आणि प्रवेशाच्या दिवशीच लॅपटॉप घेतला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. कॉलेज सुरू होऊ द्या, सरांना विचारा, मग घ्या. 'नो कॉस्ट' हप्त्यात प्रोसेसिंग फी किती कापतात तेही विचारा. हप्ता बिनव्याजी असला तरी ही फी असू शकते, आणि ती जाहिरातीत बारीक अक्षरात असते.

आता जाहिरातीच्या मूळ मुद्द्यावर येतो. '५० टक्के सूट' कशावर? कमाल किरकोळ किमतीवर. लॅपटॉप त्या किमतीला सहसा विकला जात नाही, ती वरची मर्यादा आहे. तिच्यावरून मोजलेल्या सुटीला काडीचा अर्थ नाही. अर्थ आहे तो एवढ्याच तुलनेला, की याच पैशात आज दुसरं काय मिळतं. आणि ती तुलना करायला मॉडेलचा पूर्ण आकडा लागतो.

दुकानदारांनाच दोष देऊन मी मोकळा होत नाही. नव्या मॉडेलचे दहा नग हवे असतील तर वितरक सोबत जुने चार गळ्यात घालतो, हे मला माहीत आहे. ते चार नग त्यांनी विकायचे नाहीत तर काय करायचं? विकावेत, सूट देऊनच विकावेत. फक्त स्टिकर लेबलवर चिकटवू नये आणि जाहिरातीत 'आय-५' नंतर जे चार-पाच अंक येतात ते छापावेत. अर्ध्या पानात 'धमाका' हा शब्द चार वेळा मावतो, तर '१२३५यू' मावायला हरकत नसावी.

आपल्याला विनंती एवढीच आहे. लॅपटॉपची जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने प्रोसेसरचा पूर्ण आकडा, रॅम, स्टोरेजचा प्रकार आणि उत्पादनाचं वर्ष या चार गोष्टी मागाव्यात. जाहिरातीवर पेपर चालतो, हे कळतं मला. म्हणून जाहिरात नाकारा असं म्हणत नाही, चार आकडे वाढवा म्हणतो. एखाद्या मोठ्या दुकानाने सुरुवात केली तर बाकीचे आपोआप छापतील, कारण मग गिऱ्हाईकच विचारायला लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लॅपटॉप दुरुस्तीवाला एक वाचक, सेलू, जि. परभणी

ता. क. नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो कृपया छापू नये. ज्यांच्या स्टिकरबद्दल लिहिलंय त्यांच्याकडूनच मला स्क्रीन आणि कीबोर्ड उधारीवर घ्यावे लागतात.